सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या : धरणे, शहरातली नदी आणि वरच्या गावांचे तलाव

या पानावर आपण एरवी भाताचे बियाणे, आंब्यावरचा तुडतुडा, काजूची छाटणी अशा विषयांवर बोलतो. आज एका माणसाच्या आयुष्याबद्दल सांगणार आहे. त्याला कारण घडले ते इथे पालीजवळच. मे महिन्यात एका वाडीत ओढ्यावर घातलेला मातीचा बांध पाहायला गेलो होतो. काम चांगले होते. भराव थराथराने दाबला होता, पाण्याच्या बाजूला दगड लावले होते. सांडवा मात्र कुठेच नव्हता. मालकांचे म्हणणे असे, की सांडवा काढला तर अडवलेले पाणी निघून जाईल, मग बांध घातला कशाला? बांधाखाली भाताची खाचरे होती आणि खाचरांच्या खाली चार घरे.

परतताना मला हैदराबादची मुसी नदी आठवली. तिथे १९०८ साली जे घडले त्याची सुरुवात अशाच बांधांपासून झाली होती, आणि ते कोडे सोडवायला जो माणूस बोलावला गेला तो आपल्या मुंबई इलाख्यात, खानदेशात आणि पुण्यात तयार झालेला होता. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १५ सप्टेंबरला अभियंता दिन असतो तो त्यांच्या जन्मदिवसामुळे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यांच्या कामाचा शेतकऱ्याशी किती जवळचा संबंध आहे ते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. आज हे गाव कर्नाटकात चिक्कबळ्ळापूरजवळ आहे. घरची स्थिती बेताची होती, त्यात वडील लवकर गेले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना ते शिकवण्या करून खर्च भागवत. १८८१ मध्ये बी.ए. झाल्यावर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनिअरिंगला आले. हेच कॉलेज पुढे सीओईपी म्हणून ओळखले गेले. १८८३ च्या अंतिम परीक्षेत ते पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक इंजिनिअर म्हणून रुजू झाले. नेमणूक होती नाशिकला.

खानदेशात पांझरा नदीच्या कामावर त्यांना पहिला धडा मिळाला. नदी ओलांडून पाणी नेणारी नळाची सायफन बांधायची होती. पावसाळा सुरू झाला, पात्र भरून वाहू लागले, तेव्हा काम पुढे ढकलावे असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांना ते रुचले नाही. मग त्याच पावसाळ्यात, पुराच्या अधूनमधून, त्यांनी ते काम पुरे केले. नदी नकाशावरून नव्हे तर तिच्या काठावर उभे राहून ओळखायची सवय त्यांना इथे लागली असावी, असे मला वाटते.

पांझरेच्या काठी आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे फड पद्धत. नदीवर छोटा बंधारा घालून पाट काढायचा, गावाचे भिजणारे क्षेत्र फडांत वाटायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. एका वर्षी ज्या फडात ऊस, त्यात पुढे दुसरे पीक. पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला. शेवटच्या शेताला पाणी पोचले की नाही हे सगळ्यांना दिसते, कारण सगळा फड एकाच पिकाचा. ही पद्धत लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

१८९४-९५ च्या सुमारास त्यांना सिंध प्रांतातल्या सक्करला पाणीपुरवठ्याच्या कामावर पाठवले. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. सिंधू नदीचे पाणी गढूळ आणि नगरपालिकेकडे गाळण यंत्रणेला पैसे नाहीत. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदली. वाळूतून झिरपून येणारे स्वच्छ पाणी तिथून उचलून शहराला दिले. उन्हाळ्यात आपल्याकडे नदीच्या वाळूत झरा खणतात, त्याचेच हे मोठे रूप.

खडकवासला : न वाढवता वाढवलेले धरण

पुढे त्यांची बदली पुण्याला झाली. मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण १८७० च्या दशकात बांधून झालेले होते. कर्नल फाइफ या इंजिनिअरच्या नावावरून तलावाला लेक फाइफ म्हणत. पुणे शहर आणि लष्कराचे पिण्याचे पाणी, शिवाय खालच्या कालव्यांवरची बागायत, सगळे याच तलावावर. दर पावसाळ्यात सांडव्यावरून भरपूर पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई येई. धरणाची भिंत उंच करायची तर जुन्या दगडी बांधकामावर भार वाढणार.

विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात लावला नाही. सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, ते १९०३ मध्ये. तलाव पूर्वी पुराच्या वेळी ज्या पातळीपर्यंत चढत असे, तिथपर्यंत हे दरवाजे पाणी धरून ठेवत. त्यापेक्षा पातळी चढू लागली की पाण्याच्याच जोरावर, वजनांच्या तोलाने ते उघडत आणि जादा पाणी सोडून देत. पाणी ओसरले की पुन्हा बंद. रात्री कोणी माणूस धावत जाऊन चाक फिरवायची गरज नाही. साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. या दरवाजांचे पेटंट त्यांच्या नावावर होते, पण आपण सरकारी नोकर आहोत आणि काम सरकारी धरणावर झाले आहे म्हणून त्यांनी स्वामित्वधन घेतले नाही. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही असे दरवाजे बसले.

इथे थोडे थांबा. त्या वाडीतल्या बांधाचे मालक आणि विश्वेश्वरय्या, दोघांनाही हवे होते ते एकच, जास्त पाणी. फरक एवढाच, की विश्वेश्वरय्यांनी पाणी वाढवताना ते बाहेर जायची वाट आधी पक्की केली.

नीरा कालव्यावरचे ब्लॉक

दख्खनच्या कालव्यांवर तेव्हा मोठा घोळ होता. ऊस घेणारा ठरावीक शेतकरी वर्षभर पाणी घेई, तेही एकाच जमिनीत सतत. ती जमीन पाणथळ आणि खारवट होई, आणि दुष्काळात ज्याला एका पाण्याने ज्वारी वाचवायची असे त्याच्या चारीला काही उरत नसे. विश्वेश्वरय्यांनी यावर ब्लॉक पद्धत सुचवली. एका गावातले कालव्याखालचे क्षेत्र ठरावीक तुकड्यांत आखायचे, ब्लॉकच्या तिसऱ्या हिश्शात ऊस, उरलेल्या क्षेत्रात कमी पाण्याची हंगामी पिके, आणि उसाची जागा फिरती ठेवायची. पाणी मोजून आणि मुदत ठरवून द्यायचे.

पांझरेची फड पद्धत आणि ही ब्लॉक पद्धत शेजारी ठेवून पाहा. साम्य लगेच दिसेल. फरकही दिसेल. फडात निर्णय गावाचा होता, ब्लॉकमध्ये तो खात्याचा झाला.

म्हणूनच बागायतदारांनी विरोध केला. वर्तमानपत्रांतून टीका झाली. आपले पाणी काढून घ्यायचा हा डाव आहे असे लोकांना वाटले. विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांशी बोलणी केली, नियम सैल केले आणि मग ती पद्धत नीरा कालव्यावर चालू झाली. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या बागायतदारांच्या तोंडी उसाचे ब्लॉक हा शब्द अजून ऐकू येतो, तो इथून आलेला. माझे मत विचाराल तर शास्त्र म्हणून ही पद्धत योग्यच होती. पण ज्यांच्या शेतात ती राबवायची त्यांना आधी विचारले असते तर विरोध निम्म्याने कमी झाला असता.

मुसीचा पूर

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली आणि ते परदेश प्रवासाला गेले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. शहराच्या मधोमध वाहणारी ही नदी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे कृष्णेला मिळते. एरवी उथळ, उन्हाळ्यात तर पायी ओलांडता येईल अशी. त्या पहाटे काठची वस्तीच्या वस्ती वाहून गेली. सुमारे १५,००० माणसे मेली असा अंदाज सांगितला जातो. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातल्या एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोक वाचले. ते झाड अजून दाखवतात.

निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. तेव्हा आपला मराठवाडाही याच राज्यात होता. १९०९ मध्ये ते हैदराबादला आले आणि शहरात भिंती बांधायच्या योजना आखण्याआधी नदीच्या वरच्या अंगाला गेले. पावसाच्या नोंदी जमवल्या, पुराच्या खुणा मोजल्या आणि पाणलोटातले तलाव मोजले.

शेतकरी म्हणून तुम्ही हा भाग नीट वाचा. मुसी आणि तिची जोडनदी ईसी यांच्या शहरावरच्या पाणलोटात सुमारे ८०० तलाव होते. जवळजवळ दर चौरस मैलाला एक. सगळे गावांचे, भात आणि इतर पिकांसाठी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले मातीचे तलाव. चांगल्या पावसात हेच तलाव पूर अडवून धरत. पण त्या दोन दिवसांत पाऊस त्यांच्या सांडव्यांच्या ताकदीबाहेर गेला. वरचा तलाव फुटला की त्याचे सगळे पाणी एकदम खालच्या तलावात येई आणि तो फुटे, मग त्याच्या खालचा. २०० हून अधिक तलाव असे माळेतल्या मण्यांसारखे फुटले. शहरात आला तो नुसता पाऊस नव्हता, अनेक गावांनी महिनाभर साठवलेले पाणी काही तासांत आले.

उपाय म्हणून त्यांनी शहराच्या वर दोन मोठे जलाशय सुचवले, एक मुसीवर आणि एक ईसीवर. पुराचा लोंढा इथे अडवायचा आणि शहरातल्या पात्राला झेपेल तेवढेच पाणी खाली सोडायचे. हे झाल्यावर मग शहरात काठ उंच करायचे, काठाने रुंद रस्ते आणि लोकांना फिरायला बागा करायच्या. नदीकाठच्या गलिच्छ वस्त्यांच्या जागी मोकळी हवा यावी, हाही त्यांच्या अहवालाचा भाग होता. क्रम मात्र पाहा. आधी डोंगराकडची जागा पाण्याला, मग शहरातली जागा माणसाला. उलटे केले असते, म्हणजे फक्त काठ बांधून बागा केल्या असत्या, तर पाणी अरुंद पात्रातून अधिक जोराने पुढे गेले असते आणि शहराखालच्या शेतांत घुसले असते.

१९१२ मध्ये हैदराबादेत शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. नदीकाठी रस्ते, बागा, पुढे उच्च न्यायालय आणि उस्मानिया रुग्णालयाच्या इमारती उभ्या राहिल्या. मुसीवरचा उस्मान सागर १९२० मध्ये आणि ईसीवरचा हिमायत सागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. विश्वेश्वरय्या तोवर म्हैसूरला गेले होते, पण शहराच्या गटार योजनेसाठी नंतरही हैदराबादला येत राहिले.

या दोन तलावांचे पाणी शहर पिऊ लागले आणि तिथे एक पेच तयार झाला. तो आजही प्रत्येक धरणावर आहे. पूर अडवायचा तर पावसाळ्यात जलाशयात जागा रिकामी हवी. पिण्यासाठी तो भरलेला हवा. रब्बीला आवर्तन हवे असणाऱ्या शेतकऱ्यालाही भरलेला हवा. काठावर बाग आणि नौकाविहार करणाऱ्याला पातळी बाराही महिने सारखी हवी. एकच तलाव भरलेला आणि रिकामा असू शकत नाही. म्हणून तुमच्या धरणाच्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची हे विचारत जा. पाणी किती मिळणार यापेक्षा हा प्रश्न छोटा नाही.

तलाव स्वच्छ राहावेत म्हणून आंध्र सरकारने १९९६ मध्ये त्यांच्याभोवती १० किलोमीटरच्या पट्ट्यात बांधकामांवर निर्बंध घातले. त्यात ८४ गावे आली. शहराला पाणी आणि पुरापासून संरक्षण मिळाले, पण त्या गावांतल्या शेतकऱ्याला आपली जमीन चढ्या भावाने विकता येईना. २०२२ मध्ये सरकारने तो आदेश मागे घेतला. पर्यावरणवाद्यांना हे चूक वाटते, गावकऱ्यांना न्याय वाटतो. मला दोन्ही बाजू कळतात. वरच्या गावाने शहरासाठी जमीन मोकळी ठेवायची असेल तर शहराने त्याचा मोबदला द्यायला हवा, ही गोष्ट मात्र अशा योजनांत क्वचितच लिहिलेली असते. शहराच्या खालच्या अंगाला तर वेगळेच चित्र आहे. तिथे शेतकरी मुसीच्या सांडपाण्यावर पॅरा गवत आणि भात पिकवतात.

आपल्या बांधाचे गणित

आता मूळ बांधाकडे येऊ. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिमीपेक्षा जास्त पाऊस पडतो. तुमच्या बांधाच्या वरचा उतार १० हेक्टर आहे आणि तासाभरात १०० मिमी कोसळला असे धरा. जांभ्याच्या भिजलेल्या सड्यावरून त्यातला ६० टक्के पाऊस वाहून येईल असे मानले, तरी तासाभरात ६,००० घनमीटर, म्हणजे ६० लाख लिटर पाणी येते. सेकंदाला सुमारे १,६७० लिटर. सांडव्यावरून ते फूटभर खोलीने काढून द्यायचे तर सांडवा साधारण ६ मीटर रुंद लागतो. हे ढोबळ गणित आहे. नेमके माप तुमच्या उतारावर आणि जमिनीवर ठरेल, ते कृषी सहायक किंवा मृद व जलसंधारण विभागाच्या इंजिनिअरकडून काढून घ्या. सांडवा भरावावरून काढू नका, बाजूच्या मूळ घट्ट जमिनीतून काढा. सांडव्यातून पूर्ण जोराने पाणी जात असतानाही बांधाचा माथा पाण्याच्या किमान अर्धा मीटर वर राहिला पाहिजे. बांधावर मोठी झाडे वाढू देऊ नका, मुळे कुजली की तिथून पाणी शिरते. गवत असू द्या. दर मे महिन्यात बिळे शोधून बुजवा.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. वीसच्या आसपास माणसे गेली. तेव्हा दोष खेकड्यांना दिला गेला होता आणि त्यावर खूप थट्टा झाली. खेकडे बिळे करतात हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. प्रश्न गळती दिसल्यावर दुरुस्ती कोण आणि केव्हा करतो हा असतो.

त्यानंतर २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले आणि निळ्या-लाल पूररेषांचा वाद सुरू झाला. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आमच्या बाजूला काजळी नदी साखरप्याकडून उतरते आणि मोठ्या पावसात चांदेराईच्या बाजारात शिरते. नदीलगतच्या मळीत गोठा, पंपघर, खताचे शेड बांधण्याआधी जुन्या माणसांना पाणी कुठवर आले होते ते विचारा. विश्वेश्वरय्यांनी हैदराबादेत पुराच्या खुणा मोजल्या त्या याचसाठी.

म्हैसूर आणि नंतर

नोव्हेंबर १९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य इंजिनिअर झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. कावेरीवर कृष्णराजसागराचे काम १९११ मध्ये सुरू झाले. कोलारच्या सोन्याच्या खाणींना अखंड वीज आणि मंड्याच्या कोरडवाहू जमिनीला पाणी, असे दोन्ही हेतू होते. खालच्या मद्रास इलाख्याने हरकत घेतली आणि तो वाद १९२४ च्या करारापर्यंत चालला. कन्नंबाडी गाव पाण्याखाली गेले. धरणाच्या पायथ्याचा प्रसिद्ध वृंदावन उद्यान बहुतेक लोक विश्वेश्वरय्यांच्या नावावर घालतात, पण ते काम नंतरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या काळातले आहे. इथेही बाग धरणानंतर आली.

त्यांच्या दिवाणगिरीत १९१३ मध्ये हेब्बाळला शेतकी शाळा सुरू झाली. आजचे बंगळूरचे कृषी विद्यापीठ तिच्यातूनच वाढले. म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंड कारखाना हेही त्याच काळातले. सरकारी नोकऱ्यांत मागास समाजांना जागा राखून ठेवण्याच्या प्रश्नावर त्यांचे महाराजांशी मतभेद झाले आणि त्यांनी पद सोडले. गुणवत्ता घसरेल अशी त्यांची भूमिका होती. शिष्यवृत्तीच्या आधाराने वर आलेल्या माणसाची ही भूमिका मला पटत नाही, पण चरित्र सांगताना ती वगळून चालणार नाही.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. शंभरीच्या उंबरठ्यावरही त्यांचे वाचन आणि रोजचे वेळापत्रक चालू होते.

१२ जुलै १९६१ ला पुण्याच्या वर आंबी नदीवरचे पानशेत धरण फुटले. ते मातीचे धरण होते आणि त्याचे काम पूर्ण व्हायचे होते. त्याचा लोंढा खडकवासल्यात आला आणि काही तासांत ते जुने दगडी धरणही फुटले. ज्याचा सांडवा विश्वेश्वरय्यांनी साठ वर्षांपूर्वी सुधारला होता ते हेच धरण. वरचे फुटले म्हणून खालचे फुटले, मुसीच्या पाणलोटात झाले तसेच. पुणे शहरातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. विश्वेश्वरय्या तेव्हा बंगळूरमध्ये हयात होते. एप्रिल १९६२ मध्ये ते गेले आणि मुद्देनहळ्ळीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

खडकवासला धरण पुन्हा बांधले गेले. आज त्याच्या काठाला लोक चौपाटी म्हणतात. रविवारी तिथे भाजलेली कणसे आणि कांदाभजी खायला पुणेकरांची गर्दी होते, आणि खाली शहरात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचे सुशोभीकरण महापालिकेने हाती घेतले आहे. पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की डेक्कनजवळचा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ता बंद करावा लागतो.